झोक्याची गाठ

माझा स्वभाव संशयी आहे, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. आंबा औषधानं पिकवलाय का, म्हणून मी तो आधी हुंगते. जळगावहून माहेरी निघताना लेकीच्या पिशवीत ऊन लागू नये म्हणून कांदा टाकते, वर पाण्याच्या दोन बाटल्या. पण माझा खरा राग आखाजीच्या झोक्यावर.

आमचं गाव पारोळ्याजवळ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि दारातल्या निंबाला झोका बांधला जातो. मी दहा वर्षांची असताना तो विहिरीच्या मोटारीच्या जुन्या दोराचा बांधला होता. दोर उन्हानं कुजलेला. मी उंच गेले, दोर तुटला आणि मनगट मोडलं. ते अजून वाकडंच आहे. तेव्हापासून दुसऱ्यानं मारलेल्या गाठीवर माझा काडीचा विश्वास नाही.

गेल्या वर्षी माझी लेक दहाची झाली आणि तिला उभं राहून झोका घ्यायचा होता. मी भावाला दोर कुठला, कधी आणला, हे तीनदा विचारलं.

"नवा शे वो. पारोयाना बाजारमाईन लयेल शे," तो वैतागून म्हणाला.

तरी संध्याकाळी मी झोक्याच्या पाटाखालच्या गाठीत लाल दोरा खोवून ठेवला. कुणी हात लावला तर कळावं एवढ्यासाठी.

सकाळी तो दोरा खाली पडलेला. गाठ नव्यानं आवळलेली आणि मातीत ज्वारीचे दाणे. लेकीला सांगितलं, आज झोका नाही. ती रुसून दिवसभर निंबाखालीच बसली.

माझा संशय वहिनीवर गेला. का जाऊ नये? आम्ही दोघी नणंदा पोरंबाळं घेऊन येणार, म्हणून तिला स्वतःच्या माहेरी जाता येत नाही. आम्ही रस ओरपत बसतो आणि ती भर उन्हात चुलीवरच्या खापरावर पुरणपोळ्या भाजते. अशा बाईच्या मनात काय असेल, कुणी सांगावं? शिवाय ती झोक्यावर कधी बसत नसे. "माले चक्कर येस, तुम्हीन बठा," म्हणायची. आता मला त्यातही काळंबेरं दिसायला लागलं.

मी पुन्हा दोरा खोवला आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता खिडकीआड उभी राहिले. वहिनी आली. कमरेवर ज्वारीचं अर्धं पोतं. ते तिनं पाटावर ठेवलं, जुन्या लुगड्यानं घट्ट बांधलं आणि दोन्ही हातांनी जोरात ढकललं. पोतं उंच गेलं. ती मान वर करून फांदीकडे बघत होती. दहा-बारा झोके झाल्यावर तिनं पोतं उतरवलं, गाठ सोडून पुन्हा आवळली आणि पदरानं पाट पुसला.

मी बाहेर गेले. "वहिनी, हे काय चाललंय?"

ती चोरी पकडल्यासारखी दचकली. मग हळूच म्हणाली, "दोर तुटना ते बठ्ठा मालेच बोलतीन, ताई. तुमना भाऊले कोन काय म्हनस?"

दोर तुटला तर सगळे तिलाच बोलणार, भावाला नाही, हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते मला जास्त लागलं. लग्न होऊन आल्यापासून दर आखाजीला ती हे करत होती, असं तिनंच सांगितलं. नवी नवरी असताना तिला वाकडं मनगट दाखवून "झोक्यावर लक्ष ठेव हं" असा दम मीच दिला होता. मी विसरले होते. मला माझी लाज वाटली.

मी तिचा हात धरून तिला पाटावर बसवलं. चूल पेटवायची राहिली, असं ती म्हणत राहिली. मी वाकड्या मनगटानं पहिला झोका दिला, मग दुसरा. तिसऱ्याला तिनं पाय ताणले, मान मागे टाकली आणि स्वतःच जोर घेऊन माझ्या डोक्यावरून उंच गेली. तिला चक्कर कधी येतच नव्हती.