नाना डांबर सोडून उभे होते

धुळ्याहून पारोळ्याकडे जाणारा रस्ता त्या काळी फक्त मधोमध डांबरी होता. एक ट्रक जाईल एवढी डांबराची पट्टी आणि दोन्ही बाजूंना माती. समोरासमोर दोन गाड्या आल्या की दोघांनी आपापली दोन चाकं मातीत उतरवायची, अशी पद्धत. सायकलवाल्यासाठी पद्धत वेगळी होती. त्यानं पूर्ण उतरायचं. गाडी मागून आली तरी उतरायचं आणि पुढून आली तरी उतरायचं. दरवर्षी काठाची माती वाहून जायची आणि डांबराची कड वीतभर उंच राहायची. खाली उतरताना हाडं खिळखिळी व्हायची, आणि परत चढायला गेलं की चाक कडेला घासून सायकल आडवी. म्हणून पाय टेकायचे, सायकल उचलून वर ठेवायची आणि पुन्हा टांग मारायची. ज्या साहेबानं हा रस्ता आखला त्याला माझ्या सायकलवर बसवून एकदा चार मैल पाठवायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्यात राहत होतो आणि चार मैलांवरच्या एका गावात हायस्कूलला मराठी शिकवत होतो. शाळा अकराची. कापसाच्या हंगामात एके दिवशी मी मोजलं, तर शाळेला पोचेपर्यंत एकोणीस वेळा उतरलो होतो. धोतरावर धूळ, चष्म्यावर धूळ, आणि वर्गात जाऊन मुलांना स्वच्छतेवर निबंध सांगायचा. एका ट्रकवाल्यानं तर मला गटारीतच घातलं होतं. त्याला मी संध्याकाळी जकात नाक्यावर गाठलं. गाड्यांची रांग लागली होती, तो केबिनमध्ये बसून केळं खात होता. मी पायरीवर चढून त्याला मनसोक्त बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत मला समजावलं, की मास्तरजी, भरलेली गाडी थांबवायची म्हणजे जिवावरचं काम, तुम्हाला काय, नुसता पाय टेकायचा. वर मला उरलेलं केळं देऊ केलं. मला त्याच्या शिवीचा एवढा राग आला नसता.

या रस्त्यावर माझी रोजची सोबत म्हणजे नाना. त्याच गावचे दूधवाले. पन्नाशीचा, वाळल्या अंगाचा माणूस. पहाटे दुधाचे दोन कॅन कॅरिअरला लटकवून ते धुळ्याला यायचे, घरोघर दूध घालायचे आणि दहाच्या सुमारास रिकामे कॅन खडखडवत परत निघायचे. माझ्या घरीही दूध त्यांचंच. तेव्हा जाताना आम्ही बरोबर असायचो. मी बोलत असायचो आणि ते ऐकत असायचे, कारण त्यांचा अर्धा कान मागे लागलेला. गाडीचा आवाज मला ऐकू यायच्या आधी त्यांना यायचा. हॉर्न वाजायची वाटही ते बघत नसत. उतरत आणि सायकल धरून उभे राहत. मी मुद्दाम शेवटच्या क्षणापर्यंत डांबर सोडायचो नाही. रस्ता काय त्यांच्या बापाचा आहे, असं तावातावानं म्हणायचो. मग नाना हसायचे.

"गाडीले डोया नहीत, मास्तर. आपले शेतस," असं ते एकदा त्यांच्या अहिराणीत म्हणाले होते, म्हणजे गाडीला डोळे नाहीत, आपल्याला आहेत. "आपन उतरानं."

मला ते भित्रे वाटायचे, हे इथं सांगून टाकतो.

त्या दिवशी माझं चाक पंक्चर झालं. नाना थोडा वेळ थांबले, मग म्हशीचं कारण सांगून पुढे गेले. पंक्चर काढून मी निघालो तो अर्ध्या वाटेवर माणसं जमलेली दिसली. पुढे शंभर पावलांवर कापसाचा ट्रक उभा, केबिन रिकामी. ड्रायव्हर ज्वारीत पळाला होता. अपघात झाला की ड्रायव्हरनं पळायचं, नाहीतर लोक जिता ठेवत नाहीत, हीही पद्धतच.

नाना मातीत पडले होते. शुद्धीवर होते. डाव्या पायाकडे बघवत नव्हतं. मला बघून त्यांनी सगळं नीट सांगितलं. समोरासमोर दोन ट्रक आले होते. नाना नेहमीसारखे आधीच उतरून, सायकल धरून उभे होते. एका ट्रकनं वेग जरासुद्धा कमी न करता दोन चाकं खाली घातली, ती थेट त्यांच्यावर. दुसरा ट्रक थांबलाही नाही.

एवढ्यात एक बस आली. कंडक्टरनं आणि मी नानांना उचलून सीटवर आडवं केलं, गावातला एक माणूस बरोबर दिला आणि बस सरकारी दवाखान्याकडे परत फिरवली. मी मुद्दाम मागे राहिलो. पोलीस येईपर्यंत कुणीतरी शहाण्या माणसानं जागेवर थांबायला हवं, असं मला वाटलं. शहाणा माणूस म्हणजे मी. रक्त कुठे होतं ते मी डोळ्यांनी बघितलं. डांबराच्या कडेपासून चांगलं तीन हात आत, मातीत. ट्रकच्या चाकांचे वळ तिथपर्यंत गेलेले स्वच्छ दिसत होते. लोक त्यावरून चालायला लागले तेव्हा मी ओरडून त्यांना बाजूला केलं.

तासाभरानं जीपमधून हवालदार आला. मी त्याला वळ दाखवले, रक्त दाखवलं, चेपलेले कॅन दाखवले. त्यानं मान डोलावली, पावलांनी अंतर मोजल्यासारखं केलं आणि म्हणाला, पंचनाम्याला दोन प्रतिष्ठित माणसं लागतील. 'प्रतिष्ठित' म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं. मग गावातल्या एका दुकानदाराकडे. पिशवीतून फुलस्केप कागद काढून त्यानं जीपच्या बॉनेटवर ठेवले. कागद कोरे होते. तो म्हणाला, "मास्तर, तुमची शाळा बुडतेय. नकाशा-बिकाशा मी ठाण्यात बसून नीट काढतो. तुम्ही खाली सही करून मोकळे व्हा."

बारा वाजून गेले होते. एक वाजता माझ्या वर्गाची चाचणी होती. पण ते खरं कारण नाही. मी सही केली, कारण मला बरं वाटलं. इतक्या माणसांत त्यानं मला निवडलं होतं, आणि सगळं मी स्वतः दाखवल्यावर तो वेगळं काय लिहिणार? खिशातलं पेन काढून, वळणदार अक्षरात, दोन्ही कागदांवर सही केली. खाली 'शिक्षक' असंही लिहिलं. दुकानदार मागे उभा होता. मास्तरांनी केली ना, मग झालं, असं म्हणून त्यानंही केली.

नानांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मी दर रविवारी दवाखान्यात आणि नंतर त्यांच्या घरी जायचो. दुधाचा धंदा थोरल्या मुलानं उचलला. नानांना पायापेक्षा एका गोष्टीचा घोर लागला होता. गावात बोललं जात होतं, की म्हातारा मधून चालला असेल, ऐकू आलं नसेल. तीस वर्षं त्या रस्त्यावर एकदाही मध्ये न आलेल्या माणसाबद्दल. त्यांना कोर्टाकडून एवढंच लिहून हवं होतं, दुसरं काही नको होतं.

"मी खाले उतरेल व्हतू," ते मला म्हणाले. "तेवढं लिखाडी ल्या, मास्तर."

मी त्यांचा हात धरून सांगितलं, की नाना, पंचनाम्यावर माझी सही आहे, काळजी करू नका. हे मी एकदा नाही, दर रविवारी सांगितलं. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दीड वर्षानं समन्स आलं. सरकारी वकिलानं तारखेच्या आधी मला बोलावून कागद वाचायला दिला. तो मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. सायकल रस्त्याच्या मधोमध पडलेली होती. रक्ताचा डाग डांबरावर, कडेपासून चार फूट आत. सायकलला दुधाचे अवजड कॅन असल्यानं स्वाराचा तोल गेल्याचं दिसत होतं. चाकांच्या वळांचा उल्लेख नाही. मातीचा उल्लेख नाही. खाली माझी सही, वळणदार, आणि 'शिक्षक'.

हवालदारानं कुणाचं काही घेऊन हे लिहिलं असेल, असं मला आधी वाटलं. मग तसं वाटेनासं झालं, आणि राग आणखी वाढला. वकिलानंच मला सांगितलं, की त्या ठाण्यातले सायकलच्या अपघातांचे बहुतेक पंचनामे असेच असतात. सायकलस्वार मधोमध, तोल गेला, डाग डांबरावर. हवालदाराकडे एक नमुना होता आणि तो उतरवून काढायचा. माणूस मातीत उभा राहूनही चिरडला जाऊ शकतो, हे त्या नमुन्यात बसतच नव्हतं. वकिलानं मला वर सल्ला दिला, की कागदात आहे तेच बोला, कोरा होता म्हणालात तर पंचनामाच पडेल. मी म्हणालो, कागदात आहे ते बोललो तर नाना पडतील.

कोर्टात मी खरं ते सांगितलं. सही माझी, पण कागद कोरा होता. रक्त मातीत होतं, तीन हात आत, मी डोळ्यांनी पाहिलं. ड्रायव्हर आरोपीच्या पिंजऱ्यात डोकं खाली घालून उभा होता. पंचविशीचा असेल. मी त्याच्याकडे बघून बोलत होतो. त्याच्या वकिलाला काही घाई नव्हती.

त्यानं विचारलं, आपण काय करता. मी म्हणालो, शिक्षक आहे. काय शिकवता. मराठी. म्हणजे लिहायला-वाचायला शिकवता. हो. मग कोऱ्या कागदावर सही करू नये, हे आपल्याला ठाऊक असेलच. ठाऊक आहे. फिर्यादीच्या घरचं दूध आपल्याकडे येतं ना. येतं. दीड वर्षात आपण कुणाकडे तक्रार केलीत का, की माझी कोऱ्यावर सही घेतली. नाही केली.

"म्हणजे," तो मॅजिस्ट्रेटकडे वळून म्हणाला, "एकतर मास्तर तेव्हा खोटं लिहून आले, नाहीतर आता दूधवाल्यासाठी खोटं बोलतायत."

मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण त्याचं काय चुकलं होतं? ती फट त्यानं पाडली नव्हती, मी पाडली होती. माझ्यानंतर दुकानदार आला. कागदात लिहिलंय ते बरोबर आहे, असं एका वाक्यात सांगून तो दुकान उघडायला निघून गेला. हवालदारानं तर नकाशातली अंतरंही धडाधड सांगितली. जिथं त्यानं कधी टेप लावली नव्हती, तिथली अंतरं.

नानांची साक्ष शेवटी झाली. कुबडी कठड्याला टेकवून ते उभे राहिले आणि दवाखान्यात सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत सांगितलं. ड्रायव्हरच्या वकिलानं त्यांना तीन वेळा मध्ये ढकलायचा प्रयत्न केला, ते तिन्ही वेळा खाली उतरले. मग कारकुनानं त्यांची जबानी त्यांना वाचून दाखवली आणि तिच्याखाली अंगठा घेतला.

महिन्याभरानं निकाल लागला. पंचांच्या साक्षीत विसंगती, घटनास्थळाबाबत संशयाला जागा, आरोपी निर्दोष. ड्रायव्हरनं बाहेर येऊन बिडी पेटवली. त्याच दुपारी तो त्याच रस्त्यानं गाडी घेऊन गेला असेल, आणि सायकलवाले उतरले असतील.

मी नानांना कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसवलं आणि निकाल, आणि माझ्या सहीच्या पंचनाम्यात काय लिहिलं होतं तेही, समजावून सांगितलं. माझा आवाज चढला होता. हवालदाराला, वकिलाला, त्या दुकानदाराला मी नावं ठेवत होतो, एकालाही सोडलं नाही. वरच्या कोर्टात जाऊ म्हणालो. वर्तमानपत्रात लिहितो म्हणालो. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, की मी खाली होतो हे निकालाच्या कागदात कुठे आलं का. मी म्हणालो, नाही आलं.

त्यांनी आपला डावा अंगठा उलटून बघितला. साक्षीच्या वेळची शाई कधीच निघून गेली होती. मग त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात टोमणा नव्हता, राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मन्हा अंगठा लेवाना पहिले त्यास्नी बठ्ठं वाची दखाडं. तुमले कोनी वाची दखाडं नही का, मास्तर?"