दुसरी कुंडी

मामांची मान हलत नसे.

आता तुम्ही म्हणाल, आजीबाई, हे काय माणसाचं वर्णन झालं? पण ज्या खोलीत दर शनिवारी पंधरा-वीस माना वर-खाली होतात, तिथे एकच मान जागची हलत नसेल, तर बोलणाऱ्याचा जीव तिच्यातच अडकतो. माझा अडकला होता. शहापूरच्या आमच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि मामा आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. कुंड्यांना पाणी घालणं, काचपट्ट्या धुणं, किल्ल्या सांभाळणं ही त्यांची कामं. सगळे त्यांना मामा म्हणत. पाठीमागे पोरांनी ‘ताठमाने’ असं नाव पाडलं होतं. खरं तर ते पोरांनी नाही, मीच पाडलं होतं. आता कबूल करायला हरकत नाही.

शनिवारची बैठक ही माझी हौस. तिला ना हजेरी, ना गुण, ना विद्यापीठाचा कागद. वर्ग सुटले की प्रयोगशाळेतली स्टुलं गोल मांडायची आणि शाश्वत विकासावर ज्याला जे सुचेल ते त्याने बोलायचं. मी तेव्हा जेमतेम पन्नाशीची, म्हणजे अगदीच अजाण. खांद्याला झोळा, कपाळावर रुपयाएवढी टिकली आणि तोंडात सतत ‘शाश्वत’. वाशिंदच्या घरी एकदा यजमान म्हणाले, आज भाजी खारट झालीय. त्यावर मी त्यांना मिठागरांच्या पर्यावरणाविषयी पाऊण तास सांगितलं. बिचारे ताकभात जेवून उठले.

मामा दाराजवळच्या स्टुलावर बसत, कारण शेवटी कुलूप त्यांनाच लावायचं असे. एरवी गप्प. मात्र कुणी छातीठोकपणे काही सांगितलं की शांतपणे विचारत, “दुसरी कुंडी कुठाय?”

आमच्या प्रयोगांत नेहमी दोन कुंड्या असत. एकीत खत घालायचं, दुसरी तशीच ठेवायची. पहिलीत फरक पडला तो खतानेच का, ते दुसरी सांगते. बावीस वर्षं त्या दुसऱ्या कुंडीला पाणी घालून मामांचा तिच्यावर फार जीव जडला होता. भातसानगरहून येणारी एक मुलगी होती, वडील धरणावर नोकरीला. ती एकदा म्हणाली, “आमच्या वसाहतीत आम्ही पाणी वाचवायच्या पाट्या लावल्या, आणि पाणी कमी लागायला लागलं!” सगळ्या माना हलल्या.

“पाट्या नाय लावल्या त्या गल्लीत काय झालं, बाय?” मामा म्हणाले. “दुसरी कुंडी कुठाय?”

मुलगी हसून म्हणाली, “तिथं पण कमी लागलं, मामा. पावसाळा लागला होता.”

सगळे हसले. मीही हसले, पण आतून चिडून. ही मान मी हलवून दाखवीन, असं मी त्या दिवशी मनाशी ठरवलं. आणि त्या हट्टापायी एका घराचा वर्षाचा तांदूळ पणाला लावला.

आमच्याकडे भाताचं रोप करायचं तर आधी राब भाजतात, हे तुम्हाला माहीत असेल. जिथे बी पेरायचं त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, ऐनाच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा थराथराने पसरायचा आणि पेटवायचा. मार्चमधल्या एका शनिवारी मी या राबाचे वाभाडे काढले. झाडं बोडकी होतात, धूर होतो, मातीतले जीव मरतात. बोलता बोलता मला ‘राबमुक्त गाव’ हा शब्दही सुचला आणि तो फळ्यावर लिहून मी त्याच्याकडे अशी पाहत राहिले, जसं नव्या साडीकडे पाहावं. जुलैअखेर विद्यापीठातून एक बाई आमची बैठक बघायला येणार होत्या. त्यांना दाखवायला काहीतरी हवंच होतं.

“मामा, पटतंय का?”

“धूर वाईट, ते मला नका शिकवू, मॅडम. आमची आय चाळीस वर्षं राब भाजते. फाल्गुन लागला का तिचा खोकला सुरू होतो. पण राब नाय भाजला तर तणाचं काय?”

“कुजलेलं खत आणि पेंढ्याचं आच्छादन,” मी म्हणाले. माना हलल्या. एक सोडून.

“आमच्या शेतात करून बघू,” मामा म्हणाले. “अर्ध्यात राब, अर्ध्यात तुमचं.”

“अर्ध्यात? मग राबमुक्त कसं म्हणणार?”

“पण दुसरी कुंडी…”

“मामा, प्रत्येक गोष्टीला कुंडी लागत नाही. काही गोष्टींवर विश्वास ठेवावा लागतो.”

हे वाक्य एका विज्ञानाच्या प्राध्यापिकेने, प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाला टेकून उच्चारलं. आज आठवलं की मी उशीत तोंड लपवते. मामा बराच वेळ किल्ल्यांचा जुडगा बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, “आयचा खोकला थांबला तर बरंच हाय.” हो म्हणाले, पण मान हलली नाही.

त्यांचं गाव शहापूरहून मुरबाडकडे जाताना आतल्या अंगाला. घरात सात माणसं. पगारावर बाकीचं भागे, पण खायचा तांदूळ घरच्या शेतातलाच. तो विकत आणायची वेळ त्या घरावर कधी आली नव्हती. हे सगळं मला ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टी आपल्या आड येत नाहीत, हीच तर पन्नाशीतली गंमत.

पेरणीनंतर दोन आठवड्यांनी मामांनी सकाळी प्रयोगशाळा उघडली आणि एवढंच म्हणाले, “मॅडम, एकदा येऊन बघा.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

रविवारी आम्ही बैठकीतले नऊ जण रिक्षांतून गेलो. रोपाचा तुकडा हिरवागार दिसत होता. मी म्हणाले, “वा, किती छान!”

“त्यात भात हुडका,” मामा म्हणाले.

बांधावर त्यांची आई उकिडवी बसली होती. लहानखुरी, नऊवारीचा काष्टा घट्ट, दातांना तंबाखूची मिश्री. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती नुसती खोकली.

आम्ही पदर खोचले, पँटी दुमडल्या आणि तण काढायला बसलो. मी सगळ्यांत पुढे. आता एक सांगायला हवं. भातात उगवणारं एक तण हुबेहूब भाताच्या रोपासारखं दिसतं. पान जिथे खोडाला मिळतं तिथे भाताला बारीक जिभली असते, या तणाला ती नसते. ही आकृती मी दर वर्षी फळ्यावर रंगीत खडूने काढत असे आणि दहा गुणांना विचारत असे. त्या चिखलात जिभली पाहायला कुणाला वेळ होता! मी सपासप उपटत होते आणि मुलं माझं बघून उपटत होती. तासाभरात आम्ही मोठा पट्टा साफ केला.

आणि म्हातारी ओरडली, “अगो बाय! भात उपटतंय! तण ठेवलंय न् भात उपटतंय!”

सगळे हात जागीच थांबले. बांधावर आम्ही टाकलेल्या ढिगात मामांनी हात घातला, एक काडी उचलून डोळ्यांजवळ धरली, खाली ठेवली, दुसरी उचलली. पाच-सहा काड्या तशा पाहिल्या. त्यांनी आमच्यावर ओरडावं असं मला फार वाटत होतं. ते म्हणाले, “हात धुवा. चहा ठेवलाय.”

पुढच्या आठवड्यात खाचरांत लावायला रोप काढायला घेतलं. जे रोप उरलं होतं तेही धड निघेना. राबाने भाजलेली माती भुसभुशीत असते, रोप मुळासकट अलगद येतं; आमच्या तुकड्यात ते मधूनच तुटत होतं. नव्याने पेरायचं तर तीन आठवडे जाणार आणि लावणीची वेळ टळणार. एकच मार्ग होता. आपली लावणी उरकल्यावर कुणाचं रोप उरलं तर ते मागून आणायचं. पण उरणार की नाही, हे रोपाची शेवटची मूठ, म्हणजे जुडी, लागेपर्यंत कुणीच सांगू शकत नाही. आणि तोवर पाण्याने भरलेली मामांची खाचरं आभाळाकडे बघत पडलेली.

“तुमी बरोबर या,” मामा मला म्हणाले.

“मी कशाला?”

“काय झालं ते तुमी सांगा. मी सांगितलं तर लोक म्हणतील, याला पेरता येत नाय.”

मग मी, झोळा आणि टिकलीसकट, चार दिवस त्यांच्यामागून बांधाबांधाने फिरले. प्रत्येक शेताच्या कडेला उभं राहून सांगितलं, की राब भाजू नका असं मी सांगितलं, अर्धं-अर्धं करू म्हणत होते ते मी ऐकलं नाही, आणि मग भातही मीच उपटलं. गुडघाभर चिखलात वाकलेली एक बाई सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “काय गो बाय, कॉलेजात भाताला नापास करतात काय?” सगळं शेत हसलं. मामा हसले नाहीत. त्यांची नजर तिच्या बांधावरच्या मुठींवर होती. त्या पुरतील की उरतील, ते ते मोजत होते.

तिथे काही उरलं नाही. पुढच्या शेतात दोन मुठी. तिसऱ्यात काही नाही. चौथ्या दिवशी मुरबाडकडे दिलेल्या त्यांच्या बहिणीचा निरोप आला की आमचं उरलंय, आजच्या आज न्या. टेम्पोतून रोप आलं ते कडेने पिवळं पडत चाललेलं. भर पावसात आम्ही सगळ्यांनी लावलं. या वेळी म्हातारीने प्रत्येक मूठ स्वतः तपासून आमच्या हातात दिली. तीनपैकी दोन खाचरं लागली. तिसरं तसंच राहिलं. त्या वर्षी त्या घराने माघापासून तांदूळ विकत आणला.

विद्यापीठातल्या बाई मात्र ठरल्याप्रमाणे आल्या. मामांनी स्टुलं गोल मांडली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि आपल्या जागी बसले. माझ्या हातात तक्ता होता. त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं : ‘राबमुक्त रोपवाटिका, एक अंशतः यशस्वी प्रयोग’. ‘अंशतः’ हा शब्द शोधायला मला दोन दिवस लागले होते. मी बोलायला सुरुवात केली. बाईंची मान हलायला लागली, मुलांच्याही हलू लागल्या. लाजेने, पण हलू लागल्या. दाराजवळची हलली नाही. त्या मानेत राग नव्हता. बावीस वर्षं दुसऱ्या कुंडीकडे जसं पाहिलं तसं मामा माझ्याकडे पाहत होते. काय होतंय ते बघत.

मी बोलायची थांबले. तांब्यातलं पाणी प्यायले. मग तक्ता उलटा करून ठेवला आणि सगळं सांगितलं. उपटलेलं भात, तुटलेलं रोप, रिकामं खाचर. “आणि मुख्य म्हणजे,” मी म्हणाले, “राबाशिवाय भागतं की नाही हे आम्हाला अजूनही ठाऊक नाही. कारण दुसरी कुंडी ठेवू नका असं मीच म्हणाले होते.”

आणि मामांची मान हलली. एकदाच. खाली आणि वर.

बैठक संपल्यावर कुलूप लावताना ते म्हणाले, “पुढच्या साली अर्धं-अर्धं.”

तसं केलं. एका अर्ध्यात राब, दुसऱ्यात गिरणीतल्या तुसाची राख आणि उंच वाफा. तीन वर्षं मामांनी दोन्हींकडे सारख्याच कडक नजरेने पाहिलं, आणि मग आपला राब पाव तुकड्यावर आणला. तेव्हा म्हातारीचा खोकला कमी झाला. मी आनंदाने बैठकीत जाहीर केलं, तर दारातून आवाज आला, “तिनं मिश्री पण सोडलीय त्याच साली. कशानं कमी झाला, काय सांगता?”

मी निवृत्त झाले, आजी झाले, मामाही निवृत्त झाले. दर दिवाळीत त्यांचा फोन यायचा. बोलणं तेवढंच : “मॅडम, कुंड्या बऱ्या हायेत ना?” गेल्या हिवाळ्यात फोन आला तो त्यांच्या मुलाचा. मामा झोपेतच गेले होते.

त्यांच्यासाठी शोकसभा ठेवली ती त्या प्रयोगशाळेतच. बैठक अजून भरते. आता माझी नात तिथे जाऊन ‘शाश्वत’ म्हणते आणि मी तोंडाला पदर लावते. मला बोलायला सांगितलं. मी म्हणाले, “मामांमुळे मी शहाणी झाले.” सगळ्या माना हलल्या. सवयीने माझी नजर दाराकडे गेली. स्टूल तिथेच होतं, रिकामं.

मी थांबले. बराच वेळ थांबले असणार, कारण नात पाण्याचा तांब्या घेऊन उठली.

“नाही,” मी म्हणाले. “शहाणी झाले की नाही, हे मला सांगता येणार नाही. मामा कधीच न भेटलेली मी कुठे आहे, ताडून बघायला?”

त्या खोलीत पहिल्यांदाच एकही मान हलत नव्हती.