दुसऱ्याच्या हातचा घास

माझा मुलगा सन्मती पंधरा वर्षांचा झाला तरी माझ्याच हातानं जेवत होता, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचं कुठंतरी बरं वाटायचं. तो स्वमग्न आहे. बोलतो ते चार-दोन शब्द, तेही स्वतःशीच. बापानं पुढं केलेला घास तो घेत नसे, आजीनं भरवलेला थुंकून टाकत असे. मी कालवलेला दहीभात मात्र मुकाट गिळायचा. त्यापायी पंधरा वर्षांत मी माहेरी एक रात्र मुक्काम केला नव्हता. पाहुण्यारावळ्यांत मी हे जरा मिरवूनच सांगायची. सासूबाई पुस्ती जोडायच्या, "पोराला आईबिगर घास उतरत न्हाई," आणि बायका हळहळत माझ्याकडं कौतुकानं बघायच्या.

गावच्या हायस्कुलात तो आठवीपर्यंत शेवटच्या बाकावर बसून पुढं ढकलला गेला. नववीत बिनसलं. तासाची घंटा झाली की स्वतःचं मनगट चावायला लागला. चावून चावून तिथं काळा घट्टा पडला. मुलं मुद्दाम त्याच्या कानाशी पत्र्याचा डबा वाजवायची. दुपारी मी जेवण घेऊन जायची आणि शाळेच्या व्हरांड्यात त्याला भरवायची, तेव्हा त्याच्या वर्गातल्या मुली तोंड फिरवून हसायच्या. शेवटी हेडसरांनी आम्हा दोघांना बोलावलं. सांगलीला विश्रामबागेत अशा मुलांसाठी वेगळी शाळा आहे, एकदा बघून तर या, म्हणाले. आम्ही गेलो. शाळा चांगली होती, नाही म्हणून कसं चालेल? सोमवारी सकाळी सोडायचं, शनिवारी दुपारी घरी आणायचं. तिथल्या बाईंनी पंधरा दिवस एक जागा आमच्यासाठी धरून ठेवते असं सांगितलं. मी विचारलं, याला भरवणार कोण? बाई म्हणाल्या, "कुणीच नाही. तो शिकेल." मी तिथंच मनातल्या मनात नाही म्हणून टाकलं.

आमचे हे मोजकं बोलणारे. उसाला पाणी सोडून आले, पाय धुतले आणि एवढंच म्हणाले, "आपण किती दिवस पुरणार गं त्याला?" मी फटकन बोलले, "तुमाला जड झालाय व्हय तो?" त्यानंतर तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, "पोटचं पोर परक्याच्या दारात टाकून आलीस तर लोक तोंडात शेण घालतील." मला पोराची काळजी होती की लोकांची भीती, हे मला अजूनही धड सांगता येत नाही.

आम्ही जैन. त्या पावसाळ्यात आमच्या गावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. आमचे दिगंबर साधू दिवसातून एकदाच, उभ्यानं, दोन्ही हातांच्या ओंजळीत आहार घेतात. सकाळी निघताना ते मनात एक खूण धरतात, तिला विधी म्हणतात. ज्या दारात ती खूण दिसेल तिथंच थांबायचं, कुठंच दिसली नाही तर उपास. खूण काय ते कुणाला सांगत नाहीत. म्हणून घरोघरी शुद्ध स्वयंपाकाचा चौका लावून माणसं अंघोळीनंतर शुद्ध कपड्यांत दारात उभी राहतात, कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात कलश. आहार चालू असताना कुणाचं रडणं-ओरडणं कानी आलं किंवा अन्नात केस निघाला की अंतराय होतो. महाराज ओंजळ सोडून खाली बसतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत.

आदल्या वर्षी भावकीतल्या एका घरी दुसऱ्या एका महाराजांचा आहार होता. कुणाच्या तरी हातून पितळी तांब्या पडला आणि सन्मती किंचाळला. महाराजांचा जेमतेम तिसरा घास होता. त्यांनी ओंजळ सोडली. मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी मीही जेवले नाही, पण पोराला मात्र रागारागानं भरवलं.

म्हणून यंदा आमच्या घरी चौका लागला तेव्हा मी सन्मतीला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायची. हातात मोबाईल द्यायची, त्यावर तो एकच गाणं शंभरदा ऐकत बसायचा. आठ दिवस आम्ही दारात उभे राहिलो आणि आठही दिवस महाराज आमच्या दारावरून पुढं गेले. इकडं शाळेच्या बाईंनी दिलेली मुदत संपत आली होती. मग मी एक वेडेपणा केला. देव कुणाला काही देत नाही आणि कुणाचं काही घेत नाही, हे मी लहानपणी पाठशाळेत घोकलेलं. तरी मनात पैज बांधली, महाराज आपल्या दारात थांबले तर सन्मतीला घरीच ठेवायचं, नाही थांबले तर पाठवायचं. कौल आपल्याच बाजूनं पडावा म्हणून मी रोज पहाटे उठून खपत होते. भक्ती कसली, तो हट्ट होता.

नवव्या दिवशी महाराज आले, क्षणभर आमच्याकडं पाहिलं आणि पुढं गेले. माझ्या हातातला नारळ एकदम जड झाला. तेवढ्यात माझ्या खांद्याला काहीतरी लागलं. सन्मती येऊन आमच्या दोघांच्या मधे उभा राहिला होता. हात रिकामे, शर्टाची कॉलर दातात. कडी मी लावली होती असं मला आजही वाटतं. सासूबाई शपथेवर सांगतात की त्यांनी काढली नाही. महाराज दहा-बारा पावलं गेले असतील. ते वळले, परत आले आणि आमच्या दारासमोर स्थिर उभे राहिले.

लोक धावले. आम्ही तीन प्रदक्षिणा घातल्या, महाराजांना आत नेलं, पाय धुतले. मग दात्यानं म्हणायचं असतं, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पाणी शुद्ध. आमचे हे स्वच्छ आवाजात म्हणाले. माझं मात्र पहिल्याच शब्दाला अडलं. आठ दिवस पोटच्या पोराला कोंडून मी ह्या दारात मन शुद्ध म्हणायला उभी राहत होते. ओठ हलवले, आवाज काही फुटला नाही.

आहार सुरू झाला. मी महाराजांच्या ओंजळीत भाताचे लहान लहान घास ठेवत होते. सन्मती चौक्याबाहेर, दाराच्या चौकटीशी उभा. त्याच्या जेवणाची वेळ झालेली, आणि त्याची आई दुसऱ्याच कुणाला घास देत होती. त्याच्या घशातून ती घरघर सुरू झाली. किंचाळण्याआधी तो नेहमी तसाच घरघरतो. मधेच हातातलं टाकून त्याच्याकडं धावता येईना. मला फक्त तांब्या पडल्याचा तो जुना आवाज ऐकू येत होता.

दर्शनाला आलेल्या गर्दीत एक साठी उलटलेली बाई होती. परगावची, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती गुडघ्यावर हात टेकत सन्मतीजवळ आली. त्याला धरलं नाही, गप्प बस म्हणाली नाही. शेजारी उभी राहिली आणि बोटानं महाराजांकडं दाखवत हळू म्हणाली, "बघ रं बाळा, कसं खात्यात ते." सन्मती बघत राहिला. महाराज एक एक घास घेत होते, कधी माझ्या हातचा, कधी यांच्या, कधी शेजाऱ्यांच्या. देणारा कोण हे ते पाहतही नव्हते. घरघर थांबली. सन्मतीनं कॉलर सोडली, दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि ती त्या अनोळखी बाईपुढं धरली. तिनं पिशवीतलं केळं सोललं आणि तुकडा त्याच्या ओंजळीत ठेवला. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. सन्मतीनं तो तुकडा खाल्ला आणि परत ओंजळ धरली.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा. आहार अंतरायाविना पार पडला, लोक जयजयकार करत होते, आमचे हे डोळे पुसत होते. आणि मला, आईला, आनंद झाला नाही, हे आज लिहून टाकते.

महाराज गेल्यावर मी त्या बाईला शोधत बाहेर आले. ती फलटणहून धाकट्या लेकीकडं आली होती आणि जावई गाडी घेऊन थांबला होता. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "माझी बी अशीच एक लेक हाय घरात. चाळिशीला आली. मी बी माझ्याच हातानं वाढवली, कुणाला हात लावू दिला न्हाई. लय माया केली." मग तिनं आपल्या सुजलेल्या गुडघ्यांकडं पाहिलं. "आता मी एक दिस भाईर आले तर ती सांजपतुर उपाशी बसती. मी गेल्यावर कसं, ते मला इचारू नका." तिनं सन्मतीच्या मनगटावरच्या घट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ती गाडीत बसली. नाव विचारायचं राहून गेलं.

संध्याकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, मी महाराजांसमोर बसले आणि पैजेचं सगळं सांगितलं. पैजेप्रमाणं मुलगा घरी ठेवायला हवा आणि मन आता उलटं सांगतंय, काय करू? विधी काय होता ते विचारायचं धाडस झालं नाही. महाराज म्हणाले, "उद्या कुठलं दार आहे हे आम्हालाही ठाऊक नसतं बाई. आम्ही फक्त ओंजळ घेऊन निघतो." पाठवा म्हणाले नाहीत, ठेवा म्हणाले नाहीत. घरी येऊन मी यांना सांगितलं, सोमवारी जाऊ.

सोमवारी त्याला सोडलं तेव्हा तो माझ्याकडं न बघता आत गेला. दोन दिवस त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. बाईंचा फोन यायचा आणि मी गाडी काढा म्हणून यांच्या मागं लागायची. हे म्हणायचे, "एक दिवस अजून." त्या दोन दिवसांत मी महाराजांना, त्या फलटणच्या बाईला, स्वतःला, सगळ्यांना शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई फोनवर म्हणाल्या, त्यानं ताट ढकलून दिलं आणि उभा राहून स्वयंपाकीणबाईंपुढं ओंजळ धरली, आम्ही ओंजळीत वाढलं, सगळं खाल्लं. असं का करतो ते आम्हाला कळत नाही, म्हणाल्या. मला कळत होतं. मी फोन ठेवला आणि चुलीपाशी बसून पोटभर रडले.

आता वर्ष होईल. सगळं सुरळीत झालंय असं नाही. मनगटावरचा घट्टा आहे तसाच आहे, सोमवारी सकाळी तो अजून गाडीत बसायला तयार नसतो, आणि गाव बोलायचं ते बोलतंच. आठवड्यातले पाच दिवस घर खायला उठतं. रोज सकाळी महाराजांचं स्मरण करून नमोस्तु म्हणते, तेव्हा त्या नाव नसलेल्या बाईलाही मनात जयजिनेंद्र म्हणते. देवाकडं काही मागायचं मी सोडलं आहे. मागितलं ते मला मिळालं होतं आणि ते माझ्या हट्टाच्या पलीकडचं निघालं, तेवढं ऋण मला पुरे आहे.

गेल्या शनिवारी तो घरी आला. मी दहीभात कालवला, पहिला घास उचलून त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं माझं मनगट धरलं, हात हळूच बाजूला केला, ताट आपल्याकडं ओढलं आणि सांडत-लवंडत एकटाच जेवायला लागला. मी हातातला घास तसाच धरून बसले होते. मग तो माझा मीच खाल्ला.