मंजूर नमुना

प्रदर्शन समितीच्या दफ्तरी १९५९ सालची नोंद अशी: "बुधाजी सखाराम कासारे, वय अडतीस, राहणार बीडीडी चाळ, वरळी. व्यवसाय: परळच्या गिरणीत छपाई खात्यात नोकरी. संग्राहक म्हणून पात्रता: तपासणीअंती आढळली नाही."

तपासणी फणसवाडीच्या शामरावांनी केली होती. ते समितीचे चिटणीस. संग्राहकांकडे असलेल्या मोर्चांच्या छापील चित्रांचं प्रदर्शन गिरगावात भरणार होतं आणि नियम साफ होता: चित्रावर चित्रकाराची सही हवी, शिवाय वीस प्रतींतली ही कितवी तो क्रमांक हवा.

बुधाजीच्या नऊ चित्रांवर सही होती, क्रमांक नव्हता.

गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी तो चित्रकार जयवंतकडे छपाई करायचा. चौकटीवर ताणलेल्या रेशमातून रबरी पट्टीने रंग ओढायचा, विसाव्या कागदानंतर चौकट धुऊन टाकायची. मजुरीऐवजी तो एक चित्र मागायचा. लोक पहिला क्रमांक मागतात, पण बुधाजी पडला गिरणीतला माणूस. तिथे मास्तर आधी एका तुकड्यावर 'मंजूर' लिहून सही करतो आणि सगळा माल त्या तुकड्याशी ताडून पाहतात. बुधाजी तोच कागद मागायचा: ज्यावर रंग प्रथम बरोबर उतरला तो. जयवंत त्यावर पेन्सिलीने 'मंजूर' लिहून सही करायचा.

"क्रमांक नाही म्हणजे कटपीस रे," शामराव म्हणाले.

"कटपीस नाय, साहेब. ह्याच्यावरून बाकीचे काढले."

"नियम आहे!"

घरी त्याने ती चित्रं पुठ्ठ्यांमध्ये घालून परत गादीखाली सारली. बायको मालन म्हणाली, "आख्ख्या वरळीत चित्रांवर झोपणारी मी एकटीच. निदान एकदा भिंतीला लावलेली बघूदेत की माणसांना."  त्यालाही तेवढंच हवं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी घोळ झाला. जयवंतच्या 'मशाल मोर्चा'च्या दोन प्रती आल्या: शामरावांची चार क्रमांकाची, आणि दादरच्या शिक्षिका राधाबाईंची बारा क्रमांकाची. एकीतली ज्वाला विटकरी, दुसरीतली लालभडक.

"बाई, तुमची नकली दिसते," शामराव म्हणाले.

"माझी? तुमची बघा, शामराव. मशाल आहे की शेणी?"

जयवंतला विचारावं, तर तो सीमा-सत्याग्रहात पकडला जाऊन बेळगावच्या तुरुंगात. "ज्याने ओढली त्यालाच बोलवा," राधाबाई म्हणाल्या.

बुधाजी पाळी संपवून आला तो चित्रं काखेत मारूनच. त्याने आपला 'मंजूर' कागद दोन्ही प्रतींच्या मधे ठेवला. बारा क्रमांक तंतोतंत जुळला. त्याने चार क्रमांक उलटून पाहिला, कड बोटाने चाचपली.

"ह्यो बी आमचाच हाय. कुठं लावलंत?"

"दिवाणखान्यात. पश्चिमेच्या खिडकीसमोर."

"मग उन्हानं खाल्लाय. ह्यो लाल उन्हात टिकत नाय, साहेब. छपाई बरोबर हाय, तुमचंच चुकलं."

राधाबाईंनी तोंडाला पदर लावला. समितीच्या सभासदांनी मात्र चेहरे गंभीर ठेवले आणि नियमातून 'क्रमांक' हा शब्द तिथेच खोडला. शामराव 'बुधाजी'वरून 'बुधाजीराव'वर आले आणि खिळे ठोकायला स्वतः शिडीवर चढले. मधल्या भिंतीवर नऊच्या नऊ चित्रं लागली. मालन त्यांच्यासमोर पाऊण तास उभी होती.

नवी नोंद चिटणिसांच्या हस्ताक्षरात आहे: "श्री. बुधाजीराव कासारे, ज्येष्ठ संग्राहक. खाजगी कलादालन: वरळी."

वरळीच्या खोलीत सहा माणसं राहत होती, आणि मोकळी भिंत एकही नव्हती.