भूत : स्वतः

"लिहून घ्या, बाई," असं म्हणून ते माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर दोन बोटांनी टकटक करायचे. "लिहून घ्या. मंग कुनी न्हाई म्हनायचं न्हाई."

मी लिहून घ्यायची. एका भुताने सांगितलेलं आणि मी इमानाने टिपून घेतलेलं असं बरंच काही त्या वहीत आहे. 'उजव्या कानामागे सफेदा कमी.' 'चादरीला डावीकडे भोक.' 'आज डाळीत मीठ नव्हतं.'

लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. आमच्या नांदेडच्या हौशी नाट्यमंडळातल्या एका वकिलाने त्यावर सिनेमाची गोष्ट लिहिली. एका विहिरीतलं भूत असतं. विहीर नव्या जिल्ह्यात गेल्यामुळे त्याचा जुना झपाटण्याचा परवाना रद्द होतो आणि ते बिचारं आणखी चार भुतांबरोबर रहिवासी दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालत बसतं. भुताच्या सिनेमांची सगळी टिंगल. वकीलसाहेबच दिग्दर्शक झाले. शाळेला मे महिन्याची सुट्टी, म्हणून याद्या माझ्याकडे आल्या: कोण आलं, कोण जेवलं, कोणत्या सीनला कुणाचा कंदील कोणत्या हातात होता. चाकूरजवळच्या एका गावात आमचा तळ पडला.

भुताचं काम करायला जो माणूस आला तो नायगावकडच्या एका शाळेत शिपाई होता. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटक. जयंतीच्या जलशात तरुणपणापासून सोंगं काढायचे. नुसती भुवई वर केली तरी मांडव हसायचा, असं ऐकलं होतं. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. म्हटलं, "अहो, इथे तुम्ही नट आहात." तर म्हणाले, "सवय हाय, बाई. भूत झालो तरी शिपाई जात न्हाई आतून."

आमच्याकडे जनरेटर नव्हता. कॅमेऱ्याला निळी काच लावून दिवसाचीच रात्र करायची. त्यामुळे मे महिन्याच्या भर दुपारी सगळे कंदील पेटवून, "किती अंधार पडलाय!" म्हणत ठेचकाळत चालायचे. भुताच्या तोंडावर सफेदा, डोळ्यांभोवती काजळी, अंगाला चादर. घामाने सफेद्याचे ओघळ यायचे. रंग लावणारा पुन्हा थापायचा.

"भुताला घामोळं आलंय," ते म्हणायचे. "दाखल्याच्या अर्जात तेबी लिवा."

गावात दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. विहिरीचा तळ उघडा पडला होता. तीन दिवसांनी, कधी पाचव्या दिवशी सरकारी टँकर यायचा आणि ते पाणी विहिरीत ओतून जायचा. मग सगळ्या गावाने दोर टाकून शेंदायचं. आमच्यासाठी प्यायचं पाणी अहमदपूरहून कॅनमधून यायचं. ते मी मोजून द्यायची. तोंड धुवायला कुणालाही नाही. संध्याकाळी भुताचा रंग खोबरेल तेल आणि रद्दी कागदाने निघायचा. अर्धा निघायचा.

चौथ्या-पाचव्या दिवशी ते माझ्यापाशी येऊन उकिडवे बसले.

"बाई, एक इचारू? ह्या सगळ्यात माझं तोंड कुठं दिसायलंय?"

"म्हणजे?"

"बायकोला सांगून आलोय, सिनेमात काम हाय म्हनून. तीस वरसं जलशात गेलो, तिनं एकदा बघितलं न्हाई. घरी लेकरं, म्हातारी, कवा येनार? आता टाकीजला नेतो म्हनलंय. पन ह्या पांढऱ्या रंगात ती मला वळखायची न्हाई. एक डाव. एकच डाव माझं खरं तोंड दिसू द्या."

मी वकीलसाहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. दोन दिवस विचार करून त्यांनी शेवट बदलला, आणि खरं सांगते, आधीच्यापेक्षा चांगला केला. शेवटी टँकरचं पाणी त्या भुताच्या अंगावर पडतं, रंग धुऊन जातो आणि कळतं, हे भूतबीत काही नाही. गावातलाच एक माणूस आहे. पाण्याचा पहिला नंबर लागावा म्हणून भूत होऊन विहिरीपाशी बसलेला. तो माणूस कॅमेऱ्याकडे बघून हसतो. सिनेमा संपतो.

हे मी जाऊन भुताला सांगितलं. मग टकटक. "लिहून घ्या, बाई. शेवटचा सीन. पानी, न् माझं तोंड."

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. सकाळी आरसा मागून दाढी करायचे, सफेद्याखाली कोण बघणार होतं ती! हसायचं कसं, दात दाखवायचे की नाही, हे मला विचारायचे. मी दात दाखवा म्हटलं. पुढचा एक पडलेला होता. "मंग मिटूनच हसतो," म्हणाले.

पण पाणी कुठून आणायचं? सरकारी टँकरला हात लावायचा प्रश्नच नव्हता. वकिलांनी अहमदपुरात ओळखीने एक खाजगी टँकर ठरवला. तो सोमवारी येणार होता, आला नाही. मंगळवारी चाक बसलं. बुधवारी निरोपच आला नाही. गुरुवारी कॅमेरा परत जायचा होता. बुधवारभर ते तोंडाला रंग लावून सडकेवर उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघायची. एका कंडक्टरने विचारलं, "काय पाव्हनं, कुठलं तिकीट?" ते हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

गुरुवारी सकाळी टँकर आला.

ड्रायव्हरसाठी चिठ्ठी मीच लिहून पाठवली होती. माझ्या स्वच्छ अक्षरात. 'गावात आल्यावर विहिरीपाशी थांबणे.' आम्ही देवळामागे कॅमेरा लावत होतो. विहिरीकडून कालवा ऐकू आला तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या आलं. चादर दोन्ही हातांनी वर धरून ते धावत सुटले, मागे मी.

ड्रायव्हरचा पाइप विहिरीत सोडून झाला होता.

"बंद कर! आरं बंद कर, शूटिंगचं पानी हाय ते!"

"विहिरीपाशी थांबा लिवलंय," ड्रायव्हर माझी चिठ्ठी फडकवत म्हणाला. "दोन वरसं झाली, विहिरीपाशी थांबलं की वततोय. आनि काय तिथं आरती कराया थांबू?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही माणसाने त्या वाक्याचा तोच अर्थ लावला असता. नांदेडला नळाचं पाणी पिणाऱ्या मी एकटीनेच तो लावला नाही.

बायकांची झुंबड उडाली होती. ते कठड्यावर चढून दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"आवो माय, थांबा जरा! ह्यात माझं तोंड हाय!"

एक म्हातारी दोर टाकायला पुढे घुसली. "तोंड घरी जाऊन धू. सरक की रं, मुडद्या!"

सगळ्या बाया हसल्या. तीस वर्षं लोकांना हसवलेला तो माणूस, आणि मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. म्हातारीची घागर अर्ध्यात आली आणि तिच्या हातातून दोर सुटायला लागला. त्यांनी तो धरला. वर ओढला. घागर तिच्या पुढ्यात ठेवली. मागच्या बाईने आपला दोर त्यांच्या हातात दिला. मग तिच्या मागच्या बाईने. विहिरीतून नुसता चिखल यायला लागेपर्यंत भूत पाणी शेंदत होतं.

शेवटी ते माझ्यापाशी आले. "बाई, बादलीभर कुनाकडून मागू का? एक बादली पुरंल."

मी रिकामी बादली दिली. मला वाटलं, देतीलच. ज्यांना शेंदून दिलं त्या तरी देतील. बऱ्याच वेळाने ते आले. बादली रिकामीच.

"नाही म्हणाल्या?"

"न्हाई. एकीनं घागर पुढं केली की." ते खाली बसले. "भरल्याली. तिचं लेकरू शेजारी हुबं, घागरीकडं बघायलं. माझ्याच्यानं घेववंना, बाई."

दुपारी कॅमेरा गेला. वकील म्हणाले, दिवाळीत येऊन तेवढाच सीन करू. वहीत त्या सीनपुढे 'बाकी' असं लिहिलेलं आहे.

दिवाळीआधीच ते गेले. शाळेची घंटा वाजवायला उठले आणि व्हरांड्यातच बसले, ते उठले नाहीत. आवाज मागाहून भरायचा होता; त्यांचे संवाद पुण्याच्या एका नटाने म्हटले. चांगला, स्वच्छ आवाज होता.

नामावलीची यादी मीच टाइप केली. त्यांच्या नावावर वकिलांनी काट मारली आणि लिहिलं, 'भूत : स्वतः'. म्हणाले, "लोक खदाखदा हसतील बघ." मला ते बरोबर वाटलं नाही. पण यादी पुन्हा टाइप करून मीच दिली. हा लेख लिहिताना तरी नाव घालावं म्हणून त्यांच्या पत्नीला विचारलं. "नका घालू," त्या म्हणाल्या. "शाळेत नातवाला भुताचा नातू म्हनतेत."

सिनेमा नांदेडला लागला तेव्हा मी त्यांना नायगावहून बोलावून घेतलं. नवं लुगडं नेसून आल्या होत्या. 'भूत : स्वतः' आलं आणि टॉकीज खरंच हसलं. सिनेमाभर त्या मांडीवर हात ठेवून ताठ बसून होत्या. दिवे लागल्यावर माझ्याकडे वळल्या.

"बाई, ह्यात आमचे कोनते?"

पडद्यावर कचेरीत रांग लावणारी पाच भुतं होती. सगळी पांढरी. आणि आवाज पुण्याचा.

मी पुढच्या खेळाची दोन तिकिटं काढली. या वेळी वही घेऊन बसले. "हे बघा, खिडकीपाशी, हे. आता रांगेत तिसरे. आता कंदील घेतलेले." त्या मान हलवायच्या. पण ती मान माझं मन राखायला हलतेय, हे मला अंधारातही कळत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ मावशी, शाळा घ्यायलात का?"

सिनेमा संपता संपता विहीर आली; पहिल्या खेळाला तेव्हा पुढची माणसं उठून आडवी आली होती. कॅमेरामनने त्या गुरुवारी लांबून, मला न सांगता, कॅमेरा चालू ठेवला होता. त्याची नोंद माझ्या वहीत नाही. शेवटचा सीन झालाच नव्हता, म्हणून वकिलांनी तेवढा तुकडा शेवटी जोडला होता. आवाज नाही, संवाद नाही. एक भूत वाकून पाणी शेंदतंय आणि वर आलेला दोर उजव्या कोपरावर गुंडाळत चाललंय.

मी बोट वर केलं. त्यांनी ते धरलं आणि खाली घेतलं.

"दावू नका, बाई. दिसायलेत."