परवान्याआड आलेलं नाव

पहूरजवळच्या आमच्या गावात बायकांच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळायचा होता. तो उडवायला परवाना लागतो, परवान्याआधी प्रशिक्षण, आणि प्रशिक्षणाला दहावी पास बाई. वयात बसणारी आणि दहावी झालेली गटात एकच, माझी सून. सोमवारपर्यंत तिचे कागद गेले नाहीत तर ड्रोन शेजारच्या गावाला जाणार होता.

सोमवारीच जळगावच्या कार्यालयात गेलो. बाबूनं तिची गुणपत्रिका आणि आधार शेजारी-शेजारी ठेवले.

"ही बाई कोण, आणि ही कोण?"

"दोन्ही हीच. तुमच्यासमोर उभी आहे."

"आजी, उभी राहून भागत नाही. कागदावर एकच नाव पाहिजे."

ते नाव बदललं मी. सोळा वर्षांपूर्वी, लग्नात, ताटात तांदूळ पसरून मुलाच्या हातून अंगठीनं नवं नाव लिहून घेतलं. कारण सांगायची लाज वाटते, पण सांगते. तिचं आणि माझं नाव एकच होतं. एकाच नावाच्या दोघी एका घरात राहिलो असतो तर गावानं मला 'म्हातारी अमकी' केलं असतं, आणि मी तर सत्तेचाळिसाव्या वर्षीही केसांना मेंदी थापत होते. सून हळूच म्हणाली होती, "आई, मला माझंच नाव आवडतं." मी म्हणाले, "तुला विचारलंय कोणी?"

अशी मी शहाणी. याच शहाणीनं वीस वर्षं कपाशीवर फवारणी केली. औषध बादलीत कोपरापर्यंत हात घालून ढवळायचं, नाकाला ओला पदर बांधायचा आणि वाऱ्याच्या तोंडावर चालत सुटायचं. ओला पदर विष धरून ठेवतो आणि आपण दिवसभर तेच हुंगतो, हे परवा सुनेनं फवारणीच्या पुस्तिकेतून वाचून दाखवलं. मला परवाना कधी कोणी विचारला नाही. खरं तर मलाच विचारायला हवा होता.

"राजपत्रात नाव छापून आणा," बाबू म्हणाला. "महिना-दीड महिना लागेल."

"आणि ड्रोन?"

"तो थांबायचा नाही."

सगळे कागद तर आहेत, आणखी काय पाहिजे याला? राग आला की माझी माहेरची, धुळ्याकडची बोली बाहेर पडते. "बठ्ठा कागद शेतस, आते काय जोयजे तुले?"

बाबूही तिकडचाच निघाला. "माय, माले काहीच नई जोयजे. कम्प्युटरले जोयजे."

घरी येऊन सून अर्ज भरायला बसली. 'सध्याचं नाव' इथं तिनं मी ठेवलेलं नाव लिहिलं आणि 'नवं नाव' इथं आपलं जन्माचं. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"गुणपत्रिकेशी जुळायला हवं ना, आई."

मी साक्षीदार म्हणून सही केली.

ड्रोन शेजारच्या गावाला गेला. सुनेचं पुढच्या तुकडीत बघू म्हणतात. तोवर आमच्या कपाशीवर फवारायला पाठीवर पंप घेतलेला एक बाप्या आला. हातमोजे नाहीत, तोंडाला काही नाही, परवान्याचं तर नावच नको. सुनेनं त्याला बांधावरच अडवलं.

"भाऊ, आधी हातमोजे घाला. आणि वारा पाठीशी ठेवून चाला."

तो माझ्याकडे वळला. "अक्का, ही कोण सांगणारी?"

मी तिचं नाव सांगितलं. तिचं स्वतःचं.