पालीच्या अंगणात मांडलेली फरशी

बीडच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या पर्समध्ये अर्धी बाटली पाणी होतं आणि डोक्यात दोन शंकरपाळी. एक जाडजूड, एक रोडावलेलं. या दोनच आकारांनी कितीही जमीन फटीशिवाय झाकता येते, आणि रेघेला रेघ जुळवत गेलं तर तीच नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. कॉम्प्युटरवर हे कोडं मी इतकी वर्षं खेळतेय की घरचे मला फक्त जेवायला हाक मारतात. यंदा हौस वाढली. आमच्या नाशिकच्या वाचनालयासाठी हीच नक्षी खऱ्या फरशीत मागवली, बीडजवळच्या पालीच्या एका सहकारी सोसायटीकडून. माल बघायला निघाले होते, नवी साडी नेसून, थाटात.

रिक्षा बिंदुसरा धरणाशी आली. पाणी नव्हतंच. तळ तडकून त्याच्या खपल्या झाल्या होत्या, पाच-सहा बाजूंच्या, एकमेकींत चपखल बसलेल्या.

"थांबा, थांबा! काय सुंदर!" मी फोटोसाठी उडीच मारली.

"लई सुंदर हाय," रिक्षावाला म्हणाला. "मागल्या साली हितं मासे धरत व्हतो आमी."

मी फोन आत ठेवला.

सोसायटीच्या शेडमध्ये चेअरमन शांताबाईंनी भाकरी, ठेचा आणि पेलाभर पाणी पुढे केलं. जेवून मी सवयीने पेला विसळला आणि पाणी दारात भिरकावलं. सगळ्यांच्या नजरा त्या ओल्या डागावर गेल्या. "असू द्या, ताई," शांताबाई म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रेसवर फरशी दाबणारे यूसुफभाई मात्र वेगळ्याच कारणाने चिडले होते. "ताई, चार फरश्यांत फूल पुरं झालं पायजे. ही नक्षी फिरून येत न्हाई कावून (का)?"

"कधीच येत नाही, भाऊ."

"मग मिस्त्रीनं थांबायचं कुठं?"

"भिंत आली की!"

ते पोट धरून हसले.

माझी फरशी भिंतीशी रांगेत उभी होती, तांबडी, हिरवी, काळी. दाबलेली, पण कच्ची. सिमेंटची फरशी हौदात भिजली नाही तर हातात भुगा होते. हौदात टँकरचं थोडं पाणी होतं. पण एकदा फरशी बुडवली की त्या पाण्याला जनावर तोंड लावत नाही, आणि गावातली जनावरं तहानेने हंबरत होती. पुढचा टँकर कधी, कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुपारी सभासद बसले. "फरशी गेली की सोसायटी बंद," शांताबाई म्हणाल्या. "दुसरी ऑर्डर न्हाई. मग समद्यांनी कोयता घेऊन ऊस तोडायला जायचं. बोला. ताई, तुमी बी बोला, माल तुमचा हाय."

लग्नात माझ्या हातून माइक काढून घ्यावा लागतो, पण तिथे दोनच शब्द निघाले. "जनावरांना द्या," एवढंच म्हणाले. हात वर गेले. सगळ्यात शेवटी यूसुफभाईंचा.

मग तेच म्हणाले, "एकदा मांडून तर बघू."

आम्ही सगळ्यांनी मिळून अंगणात फरशी मांडली. रेघा धावत सुटल्या, चांदण्या उमलल्या, आणि सभासदांची हुज्जत सुरू झाली. "ही चांदणी त्या चांदणीवानीच हाय!" "डोळे हायेत का बे? शेजार बघ तिचा!" यूसुफभाई ओट्यावर चढून बराच वेळ बघत राहिले. "खरंच फिरून येत न्हाई," ते म्हणाले. इतकं देखणं मी पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात जनावरं आली. हौदाची वाट अंगणातूनच होती, आणि पाण्याचा वास लागल्यावर गाय थांबत नाही. कोणी आडवं गेलं नाही. खुरांखाली फरशी बिस्किटासारखी फुटत गेली, रंग एकमेकांत कालवले गेले. शांताबाई हौदाच्या काठावरून म्हणत होत्या, "सावकाश गं, सावकाश."

वाचनालयात साधी चौकोनी फरशी बसली. कोडं मी अजून खेळते. त्यात अडलं तर चार तुकडे मागे घेऊन पुन्हा मांडता येतं. परवा शांताबाईंना फोन केला. शेडला कुलूप आहे, यूसुफभाईही ऊसतोडीला गेले.

"आणि हौद?"

"दोन दिसांत आटला. जनावरं अजून येऊन हुभी ऱ्हात्यात, ताई. त्यायला (त्यांना) सांगावं कसं?"